चिंचेवरचा हिरवा साप

धाराशिवच्या कचेरीसमोर एक म्हातारी चिंचेखाली फुटाणे विकायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. त्या चिंचेत एक हरणटोळ राहायचा. हा साप झाडावरून माणसाची टाळू फोडतो, असं गाव मानायचं. म्हणून ती डोक्यावर पदराची जाड घडी ठेवायची आणि मापागणिक वर बघायची.

निजामाच्या राज्यात मी त्याच कचेरीत रूमी टोपी घालून कारकुनी केली. विलीनीकरण झालं तशी मी पांढरी टोपी चढवली, आणि आपण पहिल्यापासून चळवळीतलेच, असं भेटेल त्याला सांगू लागलो. एके दिवशी म्हातारीलाही सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि वर बघितलं.

“ल्हान व्हता तवा मातकट व्हता त्यो,” ती म्हणाली. “मोठा झाला अन् हिरवा झाला. लोकं म्हनत्यात, ह्यो दुसराच हाय. पर म्या रोज बघती, सायेब. त्योच हाय.”

मी टोपी टाळूवर घट्ट दाबली. सापाचं लई भ्या वाटतं, असं तिला म्हणालो.

या वेळी तिनं वर बघितलं नाही. ती माझ्याकडंच बघत राहिली.