डबल बेल

पुसदच्या बसस्टँडवर बशीरभाई कंडक्टरांना ओळखत नाही असा माणूस सापडला नसता. पुसद–फुलसावंगी–उमरखेड ही त्यांची गाडी. आधी ती एका खाजगी मालकाची होती, मग सरकारची झाली. रंग बदलला, पाटी बदलली, कंडक्टर तेवढा तोच राहिला. ठेंगणा, रुंद बांधा, आखूड कातरलेली दाढी आणि उन्हाळ्यातसुद्धा गळ्यापर्यंत लावलेल्या खाकी कोटाच्या गुंड्या.

जागा करण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. बाजाराच्या दिवशी फुलसावंगीला गाडी इतकी भरायची की आतल्या माणसाला आपला हात कोणता ते कळू नये. तशातही बशीरभाई खाली उभे राहून म्हणत, "पाटील, सरका जरा, एक माय बसते. रूपसिंगभाऊ, ते गठुडं मांडीवर घ्या, गठुड्याले का तिकीट काढलं तुमी?" लोक कुरकुरत, हसत, सरकत. जो उठून जागा देई त्यालाही शेवटी कुठंतरी टेकायला मिळेच. सगळे चढले की शेवटी बशीरभाई पायरीवर चढत, दार ओढून घेत आणि घंटीची दोरी दोनदा ओढत. दोरी तुटलेली असली तर तळहातानं पत्र्यावर दोन थापा. ड्रायव्हर मारोती चौदा वर्षं त्यांच्या इशाऱ्यावर गाडी हलवत होता. आरशात बघायची त्याला गरज वाटत नसे.

घरी मात्र जागाच जागा होती. बायको जैबुनबी चार वर्षांपूर्वी गेली होती. एकुलती मुलगी रौशन. तिचं लग्न शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या युनूसशी झालं, तेव्हा बशीरभाई खूश होते, कारण युनूसचं दुकान त्यांच्या गल्लीच्या तोंडाशीच होतं. ड्यूटीवरून येताना मुलीच्या हातचा चहा पिऊनच ते घरी जात.

१९६२ साली युनूसच्या मामांनी त्याला आफ्रिकेत मोंबासाला बोलावलं. तिथं त्यांचं मोठं दुकान होतं आणि मूलबाळ नव्हतं. रौशन हे सांगायला आली तेव्हा बशीरभाई जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला.

"और मैं?" एवढंच त्यांनी विचारलं.

"अब्बा, दो-चार साल की बात है. फिर आप को भी बुला लेंगे."

मग जे शब्द त्यांच्या तोंडून निघाले ते त्यांना स्वतःलाही ओळखीचे वाटले नाहीत. "जाना है तो जा. फिर मेरी मयत को भी मत आना."

आठवड्यानं रौशन आणि युनूस पुसद सोडून मुंबईला गेले, कागदपत्रं करायला. त्या दिवशी बशीरभाईंनी आपली ड्यूटी बदलून घेतली आणि दिवसभर भलत्याच रस्त्याला तिकिटं फाडली. मुलीच्या गाडीच्या वेळी स्टँडवर हजर राहायचं त्यांच्यानं झालं नाही.

पुढचे दोन महिने ते जागा करत होते, पण गाडीत कोणाची थट्टा करत नव्हते. मारोतीला ते कळत होतं. एकदा त्यानं विचारलं, "बशीरभाई, पोरीले पत्र काहून नाई टाकत?"

"कागदावर मापी मांगता येते का मारोती? तोंडानं बोललो, तोंडानंच वापस घ्या लागन."

श्रावणात मुंबईहून तार आली. शुक्रवारी संध्याकाळी जहाज सुटणार. अब्बा, एकदा या.

बशीरभाईंनी त्याच दिवशी रजा मांडली. पण त्या आठवड्यात पावसानं अकोल्याच्या पलीकडे कुठंतरी रुळांखालची माती वाहून नेली होती आणि मुंबईच्या गाड्या बंद होत्या. अकोल्याहून येणाऱ्या ड्रायव्हरांकडं चौकशी केली तर कोणी म्हणे दोन दिवस, कोणी म्हणे चार. तेव्हा उमरखेडच्या कापूस जिनिंगचे मुनीमजी, बशीरभाईंचे रोजचे पॅसेंजर, म्हणाले, "विमानानं जा. शुक्रवारी सकाळी नागपूरहून बसलात तर जेवणाच्या वेळी मुंबईत. आमचे शेठ असेच जातात." मुनीमजींनी नागपूरला फोन करून तिकिटाची सोय केली. हजसाठी बाजूला ठेवलेले पैसे बशीरभाईंनी त्यात घातले. अमुक विमानानं येतो, अशी मुंबईला तार केली. एका पत्र्याच्या पेटीत दोन कपडे आणि रौशनला आवडणाऱ्या जवसाच्या चटणीचा डबा ठेवला आणि गुरुवारी ते नागपूरला मुसाफिरखान्यात मुक्कामाला गेले.

विमानतळावर त्यांच्या हातून पहिली चूक झाली ती वजनकाट्यावर. कारकुनानं "सामान ठेवा" म्हटलं, तर ते पेटी घेऊन स्वतःच काट्यावर चढले. रांगेतले लोक हसले. बशीरभाईही हसले आणि उतरले. आत विमानात त्यांनी हातातलं तिकीट आधी दारात स्वागताला उभ्या असलेल्या साडीतल्या मुलीला दाखवलं, मग शेजारच्या गृहस्थांना, मग मागच्यांना, कारण कोणी बघितल्याशिवाय त्यांना चैन पडेना. मुलीनं लिमलेटच्या गोळ्यांचं ताट पुढं केलं तेव्हा त्यांनी आपल्याकडच्या रीतीनं "नको, नको" म्हटलं. आता ती आग्रह करील आणि मग घेऊ, असा त्यांचा हिशेब. ती ताट घेऊन पुढं गेली. पोटावरचा पट्टा त्यांनी कंडक्टरच्या पिशवीच्या पट्ट्यासारखा खांद्यावरून घ्यायचा प्रयत्न केला, तो काही पुरला नाही. मग नुसते बसून त्यांनी सवयीनं डोकी मोजली. सगळ्या जागा भरल्या होत्या.

मनात एकच गोष्ट घोळत होती. रौशन समोर आली की आधी काय म्हणायचं? सलाम झाला की लगेच म्हणायचं, की नातेवाईक बाजूला झाले की? 'बेटी, मैंने जो कहा था' इथपर्यंत वाक्य नीट येई. त्यापुढं ते अडे.

तेवढ्यात दाराशी गलबला झाला. कारकून वर आला होता आणि त्याच्यामागं एक वाळलेली म्हातारी, तुळसाबाई नावाची. बरोबर आलेला भाचा खालून ओरडत होता, "तिकीट हाये तिच्यापाशी! तुमच्या यादीत नाव नाई, त्याले ते का करन? पोराचं आपरेशन हाये तिकडं!" कारकून घामाघूम झाला होता. त्यानं सगळ्यांकडं बघून विचारलं, "उद्याच्या विमानानं कोणाला चालण्यासारखं आहे का?"

सगळ्यांच्या माना खिडक्यांकडं वळल्या. असल्या माना बशीरभाईंनी आयुष्यभर पाहिल्या होत्या. गाडीत म्हातारं माणूस चढलं की लोकांना बाहेरचं रान अचानक फार आवडू लागतं. कारकून काय म्हणाला यातला 'उद्या' त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. त्यांना दिसत होती ती फक्त उभी असलेली म्हातारी.

ते उठले. "या माय, बसा इथं. सांभाळून."

"अन् तुमी, बाबू?"

"माहं काय! मी दाराशी बी उभा राह्यतो."

ही त्यांनी सौजन्य म्हणून मारलेली थाप नव्हती. दाराजवळ दीड माणूस उभा राहील एवढी जागा त्यांनी चढतानाच हेरून ठेवली होती. आयुष्य त्यांनी तशाच जागेत काढलं होतं. कारकून म्हणाला, "फार उपकार झाले. जरा खाली या, एक सही लागेल." तेही त्यांना रीतसर वाटलं. कंडक्टर खाली उतरतो, कागदाचं काम करतो, सगळे बसले याची खात्री करतो आणि शेवटी चढतो. त्यांनी उर्दूत सही केली. भाच्यानं त्यांचे पाय धरले, त्याला त्यांनी उठवलं. वर दार लागलं. आणि बशीरभाईंचा उजवा हात आपोआप वर गेला आणि विमानाच्या पत्र्यावर दोनदा पडला. थाप, थाप.

माणसांनी शिडी ओढून बाजूला नेली.

"अरे, शिडी कायले नेता? माहं चढनं व्हायचं हाय!"

कारकून त्यांच्याकडं बघतच राहिला. "तुम्ही जागा दिलीत ना? उद्याच्या विमानात तुमची जागा पक्की आहे. कागदावर तसंच लिहिलंय."

"जागा दिली. जायाचं कुठी नाई म्हनलं?"

पंखे फिरू लागले. त्या आवाजात कारकून काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण आता ऐकण्यासारखं काही उरलं नव्हतं. आणखी ओरडावं, हात हलवावेत, असं बशीरभाईंना क्षणभर वाटलं. पण ओरडून सांगायचं काय? कोणी ढकललं नव्हतं, फसवलं नव्हतं. आपणच उठलो, आपणच सही केली. त्यांची पेटी घेऊन विमान धावपट्टीच्या टोकाला गेलं, वळलं आणि उडालं. विमान उडताना ते पहिल्यांदाच पाहत होते. फार सुंदर दिसलं.

तारघरात त्यांनी विचारलं, आता तार केली तर केव्हा पोचेल? संध्याकाळपर्यंत, असं उत्तर आलं. संध्याकाळी जहाज सुटणार होतं. ते परत मुसाफिरखान्यात गेले. दुसऱ्या दिवशीच्या विमानात जागा पक्की होती, पण आता तिकडं कोण होतं? तीन दिवस ते नागपुरात राहिले. लगेच परतलो तर पुसदला लोक विचारतील, म्हणून. पावसात भिजत रोज बसस्टँडवर जाऊन बसायचे आणि दुसऱ्यांच्या गाड्या सुटताना बघायचे.

चौथ्या दिवशी पुसदला उतरले तर अख्खा स्टँड गोळा झाला. "बशीरभाई, कसं होतं विमान? भेव नाई लागलं?" त्यांनी काट्याची गोष्ट सांगितली, गोळ्यांची सांगितली, पट्ट्याची सांगितली. लोक पोट धरून हसले. "अन् वरून कसं दिसते?" बशीरभाई थांबले. मग म्हणाले, "कापसाचं वावर दिसते. फुटलेलं."

"अन् रौशन? कशी होती पोरगी?"

"मजेत," ते म्हणाले. "रडली थोडी."

हे खोटं बोलणं त्यांना फार सोपं गेलं, आणि त्याचाच त्यांना नंतर त्रास झाला. आता ज्याला त्याला तीच गोष्ट हवी असे. ते सांगत आणि प्रत्येक वेळी रौशन थोडी जास्त रडे. घरी आल्यावर मात्र त्यांना कोणाशी बोलावंसंच वाटेना.

दिवाळीच्या सुमारास मोंबासाचं पत्र आलं. बशीरभाईंना उर्दू वाचता येई, अक्षराला अक्षर लावून. रौशननं लिहिलं होतं, की युनूस विमानतळावर आले होते. तुमची पेटी आली, तुम्ही आला नाहीत. विमानवाल्यांना विचारलं तर ते म्हणाले, गृहस्थ आत बसले होते, पण सुटायच्या आधी आपल्या मनानं उतरले. अब्बा, राग एवढा होता तर येतो म्हणून तार का केलीत? मी गोदीवर शेवटपर्यंत उभी होते.

दुसऱ्या दिवशी उमरखेडला गाडी खाली झाल्यावर ते मारोतीच्या शेजारी येऊन बसले आणि सगळं सांगितलं. मारोती स्टिअरिंगवर हात ठेवून ऐकत होता.

"म्हंजे तुमी मुंबईले गेलेच नाई?"

"नाई."

"अन् विमानाले बेल कोनं देल्ली?"

"म्याच."

मारोतीच्या ओठांपर्यंत हसू आलं होतं. बशीरभाईंच्या तोंडाकडं बघून त्यानं ते परत नेलं. मग म्हणाला, "हे जसंच्या तसं लिवा तिले."

"कोन खरं मानंन रे? शहाना मानूस असं करते का?"

"तिनं तुमाले गाडीत पाह्यलं हाये ना लहानपनापासून. लिवा."

बशीरभाईंनी चार दिवस घेतले. काट्यापासून पत्र्यावरच्या थापेपर्यंत सगळं लिहिलं. एरवी ज्यावर लोकांना हसवत, तेच लिहिताना त्यांना घाम फुटत होता. शेवटी लिहिलं, की मयतचं जे मी बोललो ते वापस घेतो. तोंडानं घ्यायचं होतं, घेता आलं नाही. पत्र टाकल्यावर दिवस जाता जाईनात. कापूस निघाला, जिनिंगच्या बैलगाड्यांनी रस्ता भरला, रमजान लागला. विमानाची गोष्ट विचारणाऱ्यांना ते आता "झाली की सांगून" म्हणून टाळू लागले. आपल्या पत्राचं उत्तर येणार नाही, हे त्यांनी जवळजवळ धरून ठेवलं होतं.

उत्तर आलं ते ईदच्या थोडं आधी. दुपारची वेळ होती, त्यांना सुट्टी होती. उंबऱ्याशी उजेडात बसून त्यांनी लिफाफा फोडला. रौशननं लिहिलं होतं, युनूसना पटत नाही. म्हणतात, असं कोण करतं? मी म्हटलं, माझे अब्बा करतात. अम्मी म्हणायची, हा माणूस जन्नतच्या दाराशी पोचला तरी खाली उभा राहून आधी बाकीच्यांना चढवील, आणि दार लागून जाईल.

बशीरभाई मोठ्यानं हसले. कितीतरी महिन्यांत असं हसले नव्हते. हसत हसतच त्यांनी मान वळवली आणि चुलीकडं बघून म्हणाले, "सुना क्या तुमने?"

चूल थंड होती. भिंतीशी जैबुनबीचा पाट उभा करून ठेवलेला होता, तो तसाच होता.

थोड्या वेळानं त्यांनी चष्मा पुसला आणि पत्र पहिल्यापासून वाचायला घेतलं. या वेळी मोठ्यानं, सावकाश, अक्षराला अक्षर लावत.