आधी नाव घ्या

ज्यांना एकदाच पाहिलं त्यांच्याविषयी मी लिहावं का, कळत नाही. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. काही चुकलं तर माफ करा.

अमेरिकेत पार्सिपनीला मराठी मंडळाच्या दिवाळीत त्या काकू संशोधनासाठी मदत गोळा करत होत्या. त्यांच्या लहान मुलीला न्यूरोब्लास्टोमा होता, लहान मुलांना होणारा दुर्मिळ कॅन्सर. लोक डब्यात नोट टाकून घाईने फराळाकडे वळू लागले, की काकू डब्यावर तळहात ठेवायच्या.

"आधी आजाराचं नाव घ्या."

"अहो, सणाच्या दिवशी कशाला?" एक काका म्हणाले.

"नाव घेतल्याने आजार होत नाही काका. तुमचा नातू डायनोसॉरची केवढी नावं घेतो, तसं घ्या."

काका हसले, अडखळत त्यांनी नाव घेतलं. मग त्यांनीच विचारलं, "पण हा होतो कशाने?"

काकूंनी हात उचलला. "डॉक्टरांनाही नीट माहीत नाही. म्हणून तर उभी आहे."

पुढे मी दुसऱ्या राज्यात शिकायला गेलो. बऱ्याच महिन्यांनी मित्राकडून कळलं, मुलगी गेली. तिच्या गाठीचा तुकडा आई-वडिलांनी प्रयोगशाळेला दिला. नवी औषधं तपासून पाहण्यासाठी त्यातल्या पेशी तिथे अजून वाढवताहेत.