राईची उशी

देऊळगाव राजात गेल्या तीस वर्षांत जितके पाळणे हलले, त्यातल्या निम्म्याअधिक पाळण्यांत नजमाबीच्या हातची गादी होती. पूर्ण नाव नजमुन्निसा, पण एवढं लांब नाव घ्यायला वेळ कुणाला आहे? नवरा वहाब मशीनवर कापूस पिंजायचा आणि ही मांडी घालून लांब सुईनं टाके मारायची. तिचा हात बोलताना थांबत नसे, भांडताना थांबत नसे, रडतानासुद्धा नाही. पाळण्याच्या गादीबरोबर तळहाताएवढी राईची उशी ती फुकट द्यायची. राईवर बाळाचं डोकं आपोआप घोळतं आणि गोल होतं, ही तिची पक्की समजूत. "माह्या उशीवर झोपलेलं एक डोकं चपटं दाखवा," असं ती गिऱ्हाइकाला ऐकवायची. आता कोण दाखवणार?

अशा या नजमाबीच्या लेकीचा, नाजिशचा, सातव्या महिन्यातच रक्तदाब चढला. जावई जुनेदनं गाडी करून तिला बुलढाण्याच्या एका दवाखान्यात आणलं आणि त्याच दुपारी ऑपरेशन करून बाळ काढावं लागलं. मुलगी झाली. वजन अकराशे ग्रॅम. मोठ्या माणसाच्या एका उशीत सव्वा किलो कापूस नजमाबी न तोलता भरायची, आणि नात त्या उशीहूनही हलकी.

नाजिश वरच्या मजल्यावर, तिला उठायची मनाई. बाळ खाली, काचेच्या खोलीत. आत घरातल्या एकाच बाईला सोडणार होते.

"अम्मी, तुम्हीच जा," नाजिश म्हणाली. "पण मले येऊन खरं सांगत जा. जे असंन ते."

"हाव, खरंच सांगीन," नजमाबी म्हणाली.

बांगड्या काढल्या, कोपरापर्यंत हात धुतले, हिरवा झगा चढवला. आत गेली आणि बघतच राहिली. ऊब देणाऱ्या काचेच्या पेटीत ते एवढंसं बाळ उताणं, आणि हातपाय एकसारखे फेकतंय. वर पडद्यावर बाळाच्या रक्तातल्या ऑक्सिजनचा हिरवा आकडा वरखाली होतोय. तिथल्या सिस्टर पुष्पांजली उंद्री गावची. बाई बोलायला मोकळी, पण हाताला शिस्त. जुन्या चादरीची वळकटी करून तिनं बाळाभोवती कडं केलं, दोन्ही पाय पोटाशी दुमडले, हात तोंडाजवळ आणले. बाळ शांत झालं.

"याले आम्ही घरटं म्हणतो, आजी," सिस्टर म्हणाली. "आईच्या पोटात पाय ताणला का लगेच भिंत लागते. इथं भिंतच नाही, म्हणून ते घाबरते, हातपाय फेकते, अन् त्यातच दमून जाते. दमलं का श्वास घ्यायचा विसरते."

श्वास घ्यायचा विसरते! पण नजमाबीची कारागिराची नजर वळकटीवरून हलेना. ती सैल होती, तासाभरात उलगडायची आणि पायाची भिंत पडायची.

"मी करून आणू का?" तिनं विचारलं. "पक्की शिवून?"

"आणा. पण कापूस नका भरू, त्याले धुता येत नाही. नुसतं कापड पाह्यजे."

कापूस नाही! उभ्या जन्मात नजमाबीनं कापसाशिवाय काही शिवलं नव्हतं. तिनं नाजिशच्या मलमलीच्या दोन ओढण्या घेतल्या, घट्ट गुंडाळल्या आणि व्हरांड्याच्या बाकावर बसून दोन लांब लोड शिवले. सिस्टरनं ते आधी जंतू मारायला यंत्रात तापवून घेतले, मग बाळाभोवती लावले. कडं असं बसलं की दिवसभर तसूभर हललं नाही. शेजारच्या पेटीतल्या बाळासाठीही सिस्टरनं दोन मागितले. नजमाबीची छाती फुगली, आणि खरं सांगायचं तर तिथंच घात झाला.

कारण तिसऱ्या दिवशी तिला बाळाचं डोकं दिसलं. म्हणजे रोजच दिसत होतं, पण आता भीती थोडी ओसरली होती आणि नजर दोष काढायला मोकळी झाली होती. डोकं लांबुळकं, दोन्ही बाजूंनी दबलेलं. पोरीची जात, उद्या सासरचे काय म्हणतील? नजमाबीच्या नातीचं डोकं असं? अन् तेही सगळ्या गावाची डोकी गोल केल्यावर?

चौथ्या दिवशी गावाहून मागवलेली राईची उशी झग्याच्या बाहीत लपून आत गेली. सिस्टर पलीकडच्या पेटीपाशी पाठमोरी होती. नजमाबीनं एका हातानं ते डोकं अलगद उचललं आणि उशी खाली सारली. किती छान दिसत होतं. गादीवर बाळ, डोक्याखाली उशी, जसं असायला हवं तसं.

आकडा चौऱ्याण्णव होता. नव्वद झाला. तिला वाटलं, रोजच्यासारखा खालीवर होतोय. चौऱ्याऐंशी. मग पेटीनं टुंग टुंग सुरू केलं आणि नजमाबीनं पाहिलं की बाळाची हनुवटी छातीला टेकलीय, ओठ जांभळे पडलेत आणि पोट हलत नाहीये. एकाहत्तर.

सिस्टर धावत आली. तिनं उशी खेचून बाहेर टाकली, मान सरळ केली, तळपाय चोळले. बाळ हललं नाही. पुन्हा चोळले. मग मांजराच्या पिल्लासारखा एक बारीक आवाज आला आणि आकडा रडतखडत चढू लागला.

"काऊन ठेवली?" सिस्टर म्हणाली. "आजी, याची मान देठाएवढी हाय. उशी दिली का वाकते अन् श्वासाची नळी दबते. आम्ही खांद्याखाली घडी ठेवतो, डोक्याखाली कधीच नाही. बाहेर जा तुम्ही."

नजमाबी बाहेर बाकावर बसली. ओठ जांभळे पडलेलं ते तोंड डोळ्यांपुढून जाईना. आपल्याच हातानं, आपल्याच हातानं, एवढंच तिच्या मनात घोळत राहिलं. बाहेर येताना उचललेल्या उशीचा टाका तिनं दातानं तोडला आणि सगळी राई ओंजळीत ओतून कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग वर गेली.

"कशी हाय?" नाजिशनं विचारलं.

"मजेत हाय."

खोटं! लेकीला दिलेला शब्द चार दिवसही टिकला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरनं दारातून हाक मारली. नजमाबीला वाटलं, आता सांगणार की घरी जा.

"हात धुवा," सिस्टर म्हणाली. "टाचेतून रक्त काढायचं हाय. ते लई घाबरते. मले दोन हात पाह्यजेत, अन् ते घरच्या माणसाचे असले तर बरं."

"माह्या हातानं नका करू, सिस्टर. तुम्ही पाह्यलं ना काय झालं ते."

"पाह्यलं, म्हणूनच बोलावलं. आता उभ्या जन्मात तुम्ही चुकायच्या नाही. एक हात डोक्यावर, एक दुमडलेल्या पायांवर, एक पाय तेवढा मले द्या. थोपटायचं नाही, चोळायचं नाही, हलवायचं नाही. नुसता ठेवायचा."

नुसता ठेवायचा! नजमाबीनं हात ठेवले आणि बोटं लगेच सवयीनं थोपटू लागली. आकडा घसरला. तिनं दात आवळले. खांदे दुखू लागले, नाकावरून घाम ओघळला, तरी तिनं हात दगड केला. सुई टोचली तेव्हा तळव्याखाली ते डोकं थरारलं आणि पुन्हा शांत झालं. आकडा ब्याण्णव.

आठव्या दिवशी नाजिशला चाकाच्या खुर्चीवरून खाली आणलं. पेटीजवळ येताच ती रडू लागली. हात पुढं नेई आणि मागं घेई.

"मले भीती वाटते, अम्मी. काही झालं तर?"

नजमाबीनं तिचा हात धरून बाळाच्या डोक्यावर ठेवला आणि वर आपला ठेवला. "थोपटू नको. हलवू नको. नुसता ठेव." मग तिला राहवेना. "नाजिश, चौथ्या दिवशी मी तुह्याशी खोटं बोलली. मी हिच्या डोक्याखाली राईची उशी ठेवली होती. हिचा श्वास थांबला होता."

लेकीचा हात खाली ताठ झाला. झटकावा असं तिला वाटलं असणार, पण झटकला तर बाळ दचकेल, हे तिलाही कळत होतं. ती आईकडे वळली नाही.

"अम्मी, तुमचा हात काढा."

नजमाबीनं हात काढला. लेकीचा हात होता तिथंच राहिला, जराही हलला नाही. पडद्यावर चौऱ्याण्णव होते. नजमाबीचे दोन्ही हात रिकामे लोंबत होते, त्यांचं काय करावं ते तिला कळेना. ती दाराकडे निघाली.

"जाऊ नका," नाजिश बाळावरची नजर न काढता म्हणाली. "इथंच बसून माह्या हाताकडं पाहा. मले अजून थोपटावंसं वाटून राह्यलं."