आग्रहाचा ठेचा

सूड घ्यायचा तर माणसाने आधी चेहरा नीट बघून ठेवावा. मला आठवत होती ती फक्त पाठ.

कुवेतला मिरकाब भागात आमच्या शेजारी एक काका राहायचे, त्यांची. इराकी रणगाडे शहरात शिरले तेव्हा मी शाळकरी पोर. काकांच्याच गाडीतून आम्ही जॉर्डनच्या सरहद्दीकडे निघालो. वाटेत वाळवंटात आमच्याजवळचं पाणी संपलं. धाकटी बहीण तापाने फणफणलेली. आईने पदर पसरला, "भाऊजी, पोरीपुरतं तरी द्या." काकांनी पाण्याचा कॅन डिकीत ठेवला, कुलूप घातलं आणि आमच्याकडे पाठ करून बसले. बहीण वाचली ती एका अनोळखी अरब बाईच्या पाण्यावर.

पुढे शिकलो आणि अक्कल गहाण ठेवून नोकरीला परत कुवेतलाच आलो. मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत चिकटलो, सबाह अल-सालेमला संसार मांडला, पोरं इंग्रजीत उलट उत्तरं द्यायला लागली. सगळं नवं झालं. राग तेवढा जुना, मुरांब्यासारखा मुरवलेला.

यंदा आई माझ्याकडे आली होती. तेवढ्यात कळलं, काकाही मुलाकडे आलेत आणि इथल्या मराठी मंडळाच्या जेवणाला येणार आहेत. मी लगेच वाढप्यांत नाव दिलं. बायकोकडून जहाल ठेचा करून घेतला, पाण्याचा जग ताब्यात ठेवला. म्हातारा चारचौघांत पाणी मागणार, आणि मी ऐकूच येत नसल्यासारखा फिरणार!

पंगत बसली. टक्कल, रुंद पाठ... सापडला!

"काका, ठेचा घ्या ना अजून."

"नको हो, पुरे."

"असं कसं? आमचा आग्रह आहे!"

भिडस्त म्हातारा खात राहिला. डोळ्यांतून धारा लागल्या.

"जरा पाणी..."

"आणतो हं," म्हणत मी भात आणला.

समोरच्या पंगतीतून आईने हाक मारली. मला वाटलं, शाबासकी.

"मेल्या, त्यांना का छळतोयस? ते तुझ्या साहेबांचे वडील! तो मेला तिकडे बसलाय, खांबापाशी."

खांबापाशी काका तब्येतीत श्रीखंड चाटत होते. मी साहेबांच्या वडिलांना पाणी पाजून जग घेऊन धावेपर्यंत आई तिथे पोचलीसुद्धा.

"अरे, वहिनी!" काका आसपासच्यांना सांगू लागले, "लढाईत यांना मीच बाहेर काढलं बरं का!"

"काढलंत," आई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "आणि माझी पोर तापात पाणी पाणी करत होती, तेव्हा कॅन कुलपात घालून बसलात."

"तेव्हाची परिस्थितीच तशी होती, वहिनी." काकांना ठसका लागला. त्यांनी रिकामा पेला माझ्याकडे धरला.

आईने जग माझ्या हातातून घेतला. काकांच्या अलीकडच्याचा पेला भरला. मग पलीकडच्याचा. तशीच पुढे गेली.

पंक्तिप्रपंच करू नये, हे मला शिकवणारी हीच बाई! काका पेला धरून बसलेले. मी त्यांच्या पानात मीठ वाढलं आणि आईच्या मागोमाग निघालो.