छपरातून निघालेला पेशंट

सुखराम पटले यांची खाट घरातल्या बोळाच्या वळणावर अडकली आणि मला घाम फुटला.

त्यांची मांडी मोडली होती. माळ्यावर चढायची शिडी सरकली आणि हा उंचापुरा शेतकरी माजघरात आपटला. मांडीचं हाड मोडलं की त्याची टोकं आत सुरीसारखी फिरतात. हलवताना मोठी रक्तवाहिनी कापली गेली तर माणूस जागीच संपतो. म्हणून आधी बांधायचं, मग हलवायचं. मी काखेपासून टाचेपर्यंत लांब फळी बांधली. तिला स्प्लिंट म्हणतात. मग त्यांना खाटेला आवळलं. आता हा माणूस कुठेही वाकणार नव्हता.

आणि त्या घरातून वाकल्याशिवाय कोणालाच बाहेर पडता येत नव्हतं.

स्वातंत्र्यानंतरची पाच-सहा वर्षं उलटली होती. तिरोड्याच्या दवाखान्यात मी नवा डॉक्टर होतो. पटल्यांचं गाव तिथून बैलगाडीच्या वाटेवर. घर त्यांच्या आजोबांच्याही आधीचं. दार छातीइतकं, आत काळोखा बोळ, त्याला काटकोनात वळण, मग माजघर. वाघ थेट आत शिरू नये म्हणून असं बांधलं, असं कोणी सांगे. कोणी पेंढाऱ्यांचं नाव घेई. बांधणाऱ्याने काम चोख केलं होतं. खाटसुद्धा आतच ठोकून आतच विणलेली. आम्ही ती तिरकी करून पाहिली, तसे पटले कळवळले. खाट परत माजघरात नेली.

"भिंत फोडा," मी ओरडलो.

"नोको, सायेब," त्यांची बायको सेवंताबाई म्हणाली. "मातीची भिंत हाये. छपराचा सारा भार तिच्यावरच हाये. फोडली तं घर यायच्याच अंगावर येईन."

"मग फळी सोडतो. पाय गेला, जीव गेला, तर मला बोलू नका!"

बाईने वर पाहिलं. "खाल्लून नाही निघत तं वरतून काढा. वरसाले छप्पर उघडतोच ना आपून?"

तिकडे घरांवर कवेलू असतात, भाजलेल्या मातीचे. माकडं त्यांच्यावर नाचतात, कवेलू फुटतात, घर गळतं. म्हणून दर उन्हाळ्यात गाव मिळून एकेका घराचे कवेलू उतरवतं आणि पुन्हा रचतं. मला ती जुन्या घरांची फुकटची कटकट वाटायची. पण आता श्रावण होता. आभाळ गच्च भरलेलं.

"पाऊस आला तर भिंती विरघळतील, बाई."

"घर मंग बांधता येते, सायेब. या मानसाले कुठून आनू?"

तिने बाहेर जाऊन गावाला हाक मारली. पुढे जे झालं ते मी आयुष्यभर विसरलो नाही. कोणी कोणाला हुकूम दिला नाही. माणसं वर चढली, बायकांनी खाली रांग धरली आणि कवेलू हातोहात अंगणात उतरू लागले. बांबू सुटले, वासे सुटले. माजघरात लख्ख उजेड पडला. खाटेच्या चारी कोपऱ्यांना जाड दोराचे नाडे बांधले. मी शिडीवर उभा राहून पटल्यांची टाच धरली होती.

"सगळीकडून सारखी ओढा! सारखी!" मी वरच्यांना ओरडून सांगत होतो.

खाट वर निघाली. डुगडुगली नाही. पटल्यांनी डोळे उघडले. "डाक्टरसायेब, जित्तेपनीच वर धाडून राहिले का मले?"

हसायचं सोडून माझे डोळे भरून आले. घर त्यांना आपल्या हातांनी आभाळाकडे देत होतं, असंच मला वाटलं. छपराच्या कडेवरून खाट शिड्यांवर घेतली आणि खाली भाताचं तणीस पसरलेल्या बैलगाडीत ठेवली. गाडी निघाली तेव्हा मागे कवेलू परत चढू लागले होते. वाटेत पाऊस लागला.

तिरोड्याहून रेल्वेने आम्ही गोंदियाला पोचलो. तिथल्या सर्जननी पाय तपासला. "हाड जराही सरकलं नाही. घरातून काढलंत कसं?"

"छपरातून, सर."

"ड्यूटीवर थट्टा नको, डॉक्टर."

पुढच्या उन्हाळ्यात मी त्या गावी गेलो, तर पटल्यांचं घर शाबूत आणि पटले शेजाऱ्याच्या छपरावर कवेलू रचत! चढायची मी सक्त मनाई केली होती.

"उतरा खाली! कोणाला विचारून चढलात?"

"सायेब, सारा गाव माह्या छपरावर चढला होता," ते वरूनच म्हणाले. "आता मीच काऊन खाली बसून राहू?"

मी खालूनच त्यांचा पाय नीट पाहून घेतला. भार पेलत होता. तेव्हापासून पेशंटच्या घरी गेलो की मी आधी दार पाहतो, मग छप्पर. स्प्लिंटची पिशवी त्यानंतर उघडतो.