शंखाची वास्तुशांत

शंखात राहणाऱ्या खेकड्याचं घर मी एकदा देव्हाऱ्यात नेऊन पुजलं. ओल्या वाळूचा वास आला की अजून माझं मलाच हसू येतं. साठीची होते, अक्कल यायची बाकी होती! नातीनं तो खेकडा कोकणातून पारनेरला आणला होता, आणि वाढल्यावर राहायला म्हणून टबातल्या वाळूत एक मोठा रिकामा शंख ठेवला होता. तोच मी उचलला, हळदीकुंकू वाहिलं. महिन्याभरात खेकडा जुना शंख सोडून उघडानागडा फिरू लागला. "मरंल गं तो!" नात रडू लागली. मी देव्हाऱ्यातला शंख खळखळून धुऊन आणला. खेकडा चाचपत आत शिरला. माझा पडलेला चेहरा बघून पोरीनं डोळे पुसले आणि जे बोलली, त्याचे उपकार मी आजही मानते: "असू दे गं आज्जी, त्याची वास्तुशांत तर झाली!"