आपला संदेश आमच्यासाठी मोलाचा आहे

माझ्या सख्ख्या आईला मी सलग बावीस दिवस ‘आपला संदेश आमच्यासाठी मोलाचा आहे. आमचे प्रतिनिधी लवकरच आपल्याशी संपर्क साधतील’ असं उत्तर पाठवत होतो. मी म्हणजे माझा फोन. मी स्वतः त्या बावीस दिवसांत पुण्यातल्या छोट्या व्यावसायिकांना ‘ग्राहकाशी नातं कसं जोडावं’ यावर दोन व्याख्यानं देऊन आलो. दोन्हीकडे शाल मिळाली.

हे कसं झालं ते सांगतो, पण त्यासाठी आधी शहाद्याच्या एसटी स्टँडवर जावं लागेल.

बारा वर्षांपूर्वी मी पुण्याच्या गाडीत बसलो, तेव्हा माझे वडील, आप्पा, पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते. मायनं जुन्या लुगड्यात बांधलेला पत्र्याचा डबा खिडकीतून आत ढकलला. आत बिबडे. ज्यांना माहीत नाहीत त्यांच्यासाठी: ज्वारी भिजवायची, भरडायची, लसूण-मिरची-तीळ घालून शिजवायची, ओल्या कापडावर हातानं थापून उन्हात वाळवायची. पापडाचा रांगडा थोरला भाऊ म्हणा. तळून खा, भाजून खा, नाहीतर तसेच दाण्यांबरोबर खा.

माय एवढंच म्हणाली, “पोचना का, फोन करजो.” आप्पांनी गाडी हलता हलता खिडकीवर हात ठेवला. “कोनी नाव इचारं तं गाव बी सांगजो.”

मी फोन केला. गाव मात्र सांगितलं नाही.

पुण्यात पहिल्याच आठवड्यात खोलीतल्या मित्रांना मी “काय करी ऱ्हायनात?” असं आमच्या बोलीत विचारून बसलो. पुढचा महिनाभर मी कुठेही गेलो की ते कोरसमध्ये तेच म्हणायचे. मी जिभेवरून ‘शे’ खरवडून काढला, ‘आहे’ चिकटवला आणि कुठला म्हणून विचारलं की “नाशिकजवळचा” असं सांगू लागलो. नंदुरबार ते नाशिक हे सगळं अंतर मी एका श्वासात कापायचो. मायचा डबा खाटेखाली सरकवला होता. पण बिबडे चोरून खाता येत नाहीत, फार वाजतात. मी सगळे बाहेर गेले की कडी लावून खायचो. परीक्षेला कॉपी करणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे भाव असतात, तेच माझ्या चेहऱ्यावर असणार.

पुढे मी लोकांच्या धंद्याच्या वेबसाइट बनवायला लागलो. बेकरीवाले, शिवणकामवाले, पंप दुरुस्त करणारे. त्यांना मी सांगायचो, “तुमची ओळख लपवू नका.” हे सांगताना मला हसू कसं आलं नाही, हे आजही कळत नाही.

तर गेल्या हिवाळ्यात वहिनीचा, म्हणजे थोरल्या भावाच्या बायकोचा, फोन आला. आमच्या गल्लीत बायका उन्हाळ्यात आळीपाळीनं एकमेकींच्या घरी जाऊन बिबडे थापतात. आज हिच्या गच्चीवर, उद्या तिच्या. वहिनीनं ठरवलं की या वर्षी विकायलाच करायचे. पाच जणी गोळा केल्या. “भाऊ, तुम्ही लोकेस्ना धंदा इंटरनेटवर चढावतस, आते आम्हना बी चढावा ना.”

मी म्हटलं, माझ्यावर सोड.

त्या पाच जणी पपईच्या बागांतलं रोजचं काम सोडून वहिनीच्या शब्दावर थांबल्या. वहिनी माझ्या शब्दावर थांबली. मे महिना लागला तेव्हा पत्र्याचे पंधरा मोठे डबे भरून घरात उभे होते. पावसाळी हवा लागली की बिबडे सादळतात. म्हणजे हातात जेमतेम महिना. माल गेला नाही तर या बाया पुढच्या वर्षी वहिनीच्या दारात पाय ठेवणार नाहीत, आणि वहिनी पुन्हा कधी काही सुरू करायचं नाव काढणार नाही. हे मला पक्कं माहीत होतं. एवढं माहीत असून मी काय केलं ते ऐका.

मी बिबड्यांचं नाव ठेवलं ‘सॉरघम क्रिस्प्स’. सॉरघम म्हणजे आपली ज्वारीच. वर एक इंग्रजी ब्रँडचं नाव, जे मी इथे लिहिणार नाही. आप्पांनी लेबल चष्मा लावून तीनदा वाचलं आणि विचारलं, “हाई दवाई शे का?” फोटो मी नेटवरून घेतला: संगमरवरी ओटा, पांढरा बाउल, कोथिंबिरीचं एक पान. बिबड्यात कोथिंबीर नसते. वहिनीनं स्वतःच्या ओल्या हाताचे फोटो पाठवले होते, ते मी ‘क्वालिटी नाही’ म्हणून बाजूला ठेवले. ‘आमच्याविषयी’ या पानावर लिहिलं, ‘नाशिकजवळच्या निसर्गरम्य परिसरातून.’ बारा वर्षांची थाप, आता तर छापून. ऑर्डरसाठी फॉर्म ठेवला: नाव, ईमेल, विषय, संदेश. तो फॉर्म आजवर एकानंच भरला. चालतो का बघायला मीच भरला होता.

आणि मग तो नंबर. माझा जुना नंबर धंद्याला दिला, त्यावर ते आपोआप जाणारं उत्तर लावलं आणि फोन आवाज बंद करून, चार्जिंगला लावून कपाटात ठेवला. उत्तर जातंय ना, मग बघायचं कशाला? स्वतःसाठी नवा नंबर घेतला. तो बँकेला दिला, दूधवाल्याला दिला, दादाला दिला. मायला द्यायचा राहिला. दादाशी बोलताना “मायला सांग मी बरा आहे” एवढं सांगितलं की झालं, असं मी धरून चाललो होतो.

बाविसाव्या दिवशी, रविवारी सकाळी, वहिनीचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. बायको शेजारी पालक निवडत होती.

“भाऊ, एक इचारू? तुम्ही कोनी बाई ठेवी शे का?”

पालक निवडणारा हात थांबला.

“कोणती बाई?”

“मायले रोज जवाब देस ना, ती. माय म्हनस, भलती गोड बाई शे, आपला बिबडासनं काम बी तिलेच द्या.”

मी कपाट उघडलं. फोन चार्जिंगवरून काढला आणि खाली बसून ऐकायला लागलो. मायचे एकूण बावीस आवाजी निरोप होते.

पहिला: “भाऊ, जेवना का?” त्याखाली माझं मोलाचं उत्तर, मशीनमधल्या बाईच्या आवाजात. चौथा: “बाई, तू कोन शे? मन्हा पोऱ्या कथा गया? त्याले सांग, मायना फोन उना व्हता.” पुन्हा उत्तर. नववा: “बाई, तू रोज एकच सांगस. तुन्हं बी डोकं दुखत व्हई. जेवनी का तू?” पंधरावा: “बाई, तो प्रतिनिधी कवय येई? गल्लीना लोके इचारी ऱ्हायनात.” आणि शेवटचा, त्याच सकाळचा: “बाई, आते त्याले काही सांगू नको. त्याले काम व्हई. तू तुन्ही तब्येतले जपजो.”

बायकोनं पालक उचलला आणि आत गेली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

मायच्या निरोपांच्या मध्येमध्ये अनोळखी नंबर होते. चाळीसच्या वर. माझ्या वेबसाइटवरून एकही नाही. वहिनीनं काय केलं होतं, तर मी नाकारलेला तो ओल्या हाताचा फोटो स्वतःच्या स्टेटसला ठेवला होता, खाली ‘बिबडे तयार शेतस’ आणि धंद्याचा तो कपाटातला नंबर. नातेवाइकांनी तो सुरतला धाडला, नवापूरला धाडला, पुण्यात माझ्या घरापासून दोन चौकांवर राहणाऱ्या माणसालाही धाडला. हे लोक इतके दिवस नेटवर ‘बिबडे’ शोधत होते. त्यांना सॉरघम कुठून सापडणार? शोधणारा माणूस घरातला शब्द टाइप करतो. ही गोष्ट मी व्याख्यानात सांगतो. त्यासाठी स्लाइडसुद्धा आहे.

सुरतच्या एकाचा निरोप होता. मूळचा नवापूरचा. “ताई, बिबडे भेटतीन का? मन्ही माय व्हती तंवर उन्हायामा डबा ये. आते कोन धाडस?” त्यालाही मी कळवलं होतं की त्याचा संदेश आमच्यासाठी मोलाचा आहे.

त्या दुपारी मी एकेकाला फोन केला. पहिल्या दोघांशी पुस्तकी मराठीत बोललो, ते सर-सर करायला लागले. तिसऱ्याला तोंडातून आपोआप “हा भाऊ, शेतस ना बिबडे” असं गेलं आणि तो माणूस अर्धा तास सोडेना. बारा वर्षं घासून काढलेला ‘शे’ आत कुठेतरी शाबूत होता. त्याला गंजही चढला नव्हता.

तरी बारा डबे शिल्लक होते. त्याच आठवड्यात एक गृहस्थ भेटले. शहरातल्या मोठ्या दुकानांना माल पुरवतात. त्यांना माझं ते संगमरवरी लेबल फार आवडलं. सगळेच्या सगळे डबे उचलतो म्हणाले. मी चाचरत म्हटलं, नाव बदलून बिबडे करायचा विचार आहे, आणि खाली नंदुरबार जिल्हा लिहायचं आहे. त्यांनी मान हलवली. “अहो, असं नाव कोण घेणार? आणि नंदुरबार नकोच. लोकांना ते मागास वाटतं. नाशिकजवळचं आहे, तेच छान आहे.”

बारा वर्षं मी हेच म्हणत होतो. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा कानशिलं तापली.

तरीही डोळ्यांपुढे बारा डबे होते आणि पाच बाया होत्या. म्हणून वहिनीला फोन लावला आणि ठरवायचं तिच्यावर सोडलं. तिकडून थापण्याचा पटपट आवाज येत होता, तो थांबला.

“मन्ही मायपाईन मी बिबडे शिकनू, भाऊ. ते सॉरघम माले येस नई.”

पटपट पुन्हा सुरू झाली. मी त्या गृहस्थांना नाही म्हणून कळवलं. स्वतः फोन करून, प्रतिनिधीमार्फत नव्हे.

साइट एका बैठकीत मोडली. वर मोठ्या अक्षरांत बिबडे, खाली गावाचं नाव, त्याखाली नंदुरबार जिल्हा, आणि ही अक्षरं मी गरजेपेक्षा दोन माप मोठी केली आहेत. कोथिंबीर गेली, वहिनीचा हात आला, बांगडीला पीठ लागलेलं तसंच ठेवलं. फॉर्म काढून टाकला. नंबर वहिनीच्या हवाली केला, मायला माझा नवा दिला. आपोआप जाणारं उत्तरही तिनंच आपल्या आवाजात भरलं: “मी बिबडे थापी ऱ्हायनू, हात ओला शेतस. दुपारले बोलसू.” आणि दुपारी ती खरंच बोलते. माझ्या सगळ्या व्याख्यानांचं सार तिनं एवढ्यात उरकलं, शाल न घेता.

हवा बदलायच्या आत त्या बारांतले दहा डबे गेले. दोन सादळले, ते घरात खाल्ले. पाचही जणी पुढच्या उन्हाळ्याचं आताच बोलताहेत. सहावी येते म्हणते.

म्हणून आता शहाद्याला, तळोद्याला दुकान मांडून बसलेल्यांना सांगतो: पुण्याहून माझ्यासारखा कोणी आला आणि तुमच्या मालाचं नाव ऐकून नाक मुरडलं, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. गिऱ्हाईक तुम्हाला ज्या नावानं हाक मारतं, तेच पाटीवर लिहा. फोटो तुमच्या मालाचा काढा, दारात उन्हात ठेवून काढा. नंबर असा द्या की जो कोणीतरी उचलेल. आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, कोणी नाव विचारलं तर गावही सांगा. त्यांना नकाशा उघडून शोधावं लागेल. शोधू द्या की. आपण त्यांच्या शहरात बारा-बारा वर्षं प्रत्येक गल्ली शोधत फिरलोच ना?

घर म्हणजे काय, यावर पूर्वी मी हळवं काहीतरी लिहिलं असतं. आता माझ्यापुरतं एवढंच: जिथून रोज ‘जेवना का’ विचारलं जातं आणि जिथे उत्तर द्यायला प्रतिनिधी चालत नाही, ते घर. म्हणून रोज मायच्या निरोपाला मी स्वतः उत्तर देतो. कामात असलो तर तासाभरानं, कधी दोन तासांनी, पण स्वतः.

त्या रविवारी मी तिला सगळं उलगडून सांगितलं होतं. बाई नाही, प्रतिनिधी नाही, ते मशीनचं उत्तर होतं. “म्हंजे तठे कोनीच नव्हतं?” तिनं विचारलं. मी माफी मागितली. पुन्हा असं होणार नाही म्हटलं.

परवा विचारलं, “माय, आता मीच बोलतो ना रोज. बरं वाटतं ना?”

माय म्हणाली, “तुन्हापेक्षा ती बाई बरी व्हती रे भाऊ. लागलीच जवाब तं देत व्हती.”